वर्गणी आणि वेतन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन जनतेस कृतज्ञतेने अर्पण केला. त्या जनतेने १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात आपल्या सैनिकांसाठी पैसा कसा उभा केला, हा आजचा विषय आहे. पावतीपुस्तक काखोटीला मारून दारोदार हिंडण्यात आपली हयात गेली असल्यामुळे तो तुम्हांस परका वाटू नये.

त्या युद्धात गोळीपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मेले. सरकारी वैद्यक व्यवस्था तोकडी होती. म्हणून जून १८६१ मध्ये उत्तरेत सरकारच्या मान्यतेने ‘सॅनिटरी कमिशन’ ही खाजगी संस्था निघाली. गावोगावच्या स्त्रिया तिच्यामार्फत पट्ट्या, सदरे, मोजे, इतकेच नव्हे तर स्कर्व्ही टाळण्यासाठी कांदेबटाटेही छावण्यांकडे धाडू लागल्या. १८६३ च्या अखेरीस मेरी लिव्हरमोर व जेन होज यांनी शिकागोत मोठी जत्रा भरवली. लिंकनने गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वहस्ताक्षरातील मसुदा तिला देऊन टाकला आणि तो ३,००० डॉलरना विकला गेला. मात्र जत्रेच्या बांधकामाचा करार करावयाची वेळ आली तेव्हा या दोघींच्या सह्या कंत्राटदाराला चालेनात. विवाहित स्त्रीच्या सहीला कायद्यात किंमत नव्हती. त्याने नवऱ्यांच्या सह्या मागितल्या! पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या जत्रेने दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली.

या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मार्च १८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात ३०० डॉलर भरणाऱ्यास सूट होती. साध्या गोऱ्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर. म्हणजे ही त्याची तेवीस महिन्यांची कमाई झाली. ज्या घराने ३०० डॉलर भरून मुलाला घरी ठेवले, त्याच घराने जत्रेत भरतकामाचा रुमाल चढ्या भावाने घ्यावा आणि देशभक्त म्हणून मिरवावे, याला कोणाचीच आडकाठी नव्हती. जुलैमध्ये न्यूयॉर्कचे गरीब श्रमिक या कायद्याविरुद्ध भडकले. दुर्दैव असे, की त्यांच्या संतापाला बळी पडले ते निरपराध कृष्णवर्णीय.

आणि त्याच कृष्णवर्णीयांची पलटण तेव्हा आघाडीवर लढत होती! मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीला भरतीच्या वेळी समान पगाराचे आश्वासन मिळाले होते. हाती ठेवण्यात आले १० डॉलर, त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून. त्यांनी ते ७ डॉलर नाकारले. तेव्हा त्यांच्या राज्याच्या विधिमंडळाने, अगदी सद्भावनेने, उरलेला फरक आपल्या तिजोरीतून भरून देण्याची तयारी दाखवली. तेही पैसे त्यांनी घेतले नाहीत. घरी बायकामुलांचे हाल चालले होते, तरी वर्षाहून अधिक काळ ही माणसे बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी थकलेला पगार पुरता मोजून घेतला.