तुरुंगाची खिडकी

देऊळच मोडले तर गावाची भक्ती राहते कुठे? स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एपिस्कोपल, म्हणजे बिशपांची परंपरा मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळींवर हा प्रसंग खरोखरच गुदरला. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याकडे त्यांचा ओढा. तेव्हा १७४५ चे बंड मोडताच सरकारची वक्रदृष्टी झाली. १७४६ च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाच माणसे प्रार्थनेला जमली तरी गुन्हा! पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिकच वाटेल.

लाँगसाइडचे पाद्री जॉन स्किनर घराच्या खिडकीशी उभे राहून उपासना चालवीत, आणि लोक बाहेर उघड्यावर ऐकत. १७५३ साली त्यांना कैद झाली.

पण आम्हांला नवल वाटते ते स्केटरॉच्या कोळणींचे. १७४८-४९ च्या हिवाळ्यात स्टोनहेवनच्या तुरुंगात तीन पाद्री होते. या बाया मासळीच्या टोपलीत तान्ही मुले घालून, पाठीवर ती टोपली घेऊन किनाऱ्याने चालत येत, ओढ्याच्या मुखाशी ओहोटीची वाट पाहत थांबत, मग खडक चढून तुरुंगामागे पोचत. गजांतून हात बाहेर येई आणि बाप्तिस्मा होई, अशी तिथली आठवण आहे. शास्त्रार्थ त्यांना कोणी विचारला नव्हता. मूल तसेच राहू नये, एवढीच त्यांची निकड.

हे कायदे १७९२ साली उठले. त्याआधीच, १७८४ मध्ये, अ‍ॅबरडीनच्या एका घरातील माडीवर अमेरिकेच्या पहिल्या एपिस्कोपल बिशपाला, सॅम्युअल सीबरीला, दीक्षा मिळाली. देणाऱ्या तिघांत लाँगसाइडच्या स्किनरांचा मुलगा होता.