आडवळणाची भाषा आणि पोटापाण्याचा प्रश्न

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही पेशाने गणिताचे शिक्षक, आणि ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर गेली बारा वर्षे काम करतो. अशा समारंभात संस्थेचा गौरव करावा असा रिवाज आहे, आणि ह्या संस्थेचा गौरव करण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु आज आम्ही समितीच्या, म्हणजे आमच्याच, एका निर्णयाची हकीकत सांगणार आहोत. तो निर्णय सर्वस्वी चुकला असे नाही, आणि बरोबर होता असेही म्हणवत नाही. तसाच प्रश्न घेऊन आणखी मुले आपल्या दारी येणार आहेत, म्हणून तो आपल्यापुढे ठेवणे इष्ट वाटते.

२०१८ साली वडगावातल्या एका विणकराची मुलगी समितीपुढे आली. घरात दोन यंत्रमाग, खाणारी सहा माणसे. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिची फी ट्रस्टच भरीत असे. तिला एक जुना लॅपटॉप हवा होता, तो ‘हॅस्केल’ नावाची संगणकाची भाषा शिकण्यासाठी. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांची त्या विषयावरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य मिळतात, ती तिने मोबाइलवर पाहिली होती. पण सराव करावयास यंत्र नव्हते. म्हणून तिने प्रोग्रॅम हाताने वहीत लिहून आणले होते. आम्ही विचारले, “ह्या भाषेत नोकऱ्या किती?” ती प्रामाणिकपणे म्हणाली, “फार थोड्या, सर.” झाले! आम्ही तिला जावा शिकावयास सांगितले, त्या वर्गाची फी मंजूर केली, आणि इतिवृत्तात लिहिले : ‘सदर भाषेचा उपजीविकेस उपयोग नाही. अर्ज नामंजूर.’ हस्ताक्षर आमचे आहे. तिची वही आम्ही उघडूनही पाहिली नाही.

ही भाषा आहे तरी काय, ते आधी सांगितले पाहिजे. नेहमीच्या संगणकभाषांत प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची यादी : हे घे, तिथे ठेव, त्यात एक मिळव. त्या भाषांत ‘क्ष = क्ष + १’ असे बिनदिक्कत लिहितात. आमच्या वर्गात कोणी असे लिहिले तर आम्ही तांबडी रेघ ओढू, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते. संगणकवाल्यांचा अर्थ निराळा आहे : क्ष नावाच्या डब्यातला जुना आकडा पुसून नवा ठेव. फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाच्या पद्धतीत हे पुसणे होता होईल तो टाळतात. तिथे काम गणितातल्या फलनासारखे चालते. आज दोन घातले आणि पाच मिळाले, तर उद्या दोन घातल्यावरही पाचच मिळतील.

आपल्या ट्रस्टची रोजकीर्द ज्यांनी लिहिली आहे त्यांना ह्यातले मर्म चटकन कळेल. कीर्दीतली नोंद चुकली तर आपण ती खोडीत नाही. खाली उलट नोंद करतो. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा हिशेबही आज तपासता येतो. जिथे दहा कारकून एकाच वहीत एकाच वेळी खाडाखोड करतात तिथे गोंधळ ठरलेला. जिथे कोणी काही खोडीतच नाही तिथे तो पुष्कळच कमी. शिवाय हॅस्केलसारख्या भाषा आणखी एक शिस्त पाळतात. पदार्थाच्या पेपरात मीटरमध्ये किलोग्रॅम मिळविणाऱ्या मुलाला आम्ही जसे अडवतो, तशी ती भाषा विजोड गोष्टींची बेरीज प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच अडवते.

ही विद्या काही कालची नव्हे. अलोंझो चर्च ह्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात तिचा गणिती पाया घातला. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५८ मध्ये लिस्प ही भाषा सुरू केली. हॅस्केलचा पहिला मसुदा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. हॅस्केल करी ह्या तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे.

आता पोटापाण्याकडे वळू. ह्या भाषांना पैसे कोण देतो? स्वीडनच्या एरिक्सन कंपनीपुढे टेलिफोन एक्स्चेंजची अडचण होती. एक्स्चेंजमध्ये हजारो संभाषणे एकाच वेळी चालतात. एक तुटले म्हणून बाकीची तुटता उपयोगी नाहीत. त्या कामासाठी १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्लांग ही भाषा घडविली. पुढे तिच्याच आधाराने व्हॉट्सअ‍ॅप उभे राहिले. २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरांना ते घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचे वापरणारे सुमारे ४५ कोटी होते आणि नोकरमाणसे पन्नासांच्या आसपास. आजच्या सभेची सूचना आपणां सर्वांस त्याच मार्गाने मिळाली.

न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट ह्या शेअर-रोख्यांच्या कंपनीचे काम ओकॅमल भाषेत चालते. ब्राझीलच्या नूबँकचा कारभार क्लोजर भाषेवर आहे. त्या बँकेने २०२० मध्ये ती भाषा सांभाळणारी कंपनीच विकत घेतली. इतके लांब तरी कशाला जा? बंगळूरच्या जसपे कंपनीने पैशांच्या देवघेवीचे काम हॅस्केलमध्ये केले, आणि ‘नम्मा यात्री’ ह्या रिक्षांच्या अ‍ॅपचा मागचा भागही हॅस्केलमध्येच लिहिलेला आहे. इथून रात्रीच्या गाडीने बंगळुरास उतरून आपल्यापैकी कितीकांनी त्यावरून रिक्षा बोलावली असेल!

ह्या सर्व उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. चूक झाली तर पैसा बुडतो किंवा कामच थांबते, अशा ठिकाणी ह्या भाषांना मोल आले. भाषा अपूर्व आहे म्हणून कोणी पगार देत नाही. आपली अडचण निवारली म्हणून देतो. जेन स्ट्रीट तर उमेदवाराला ओकॅमल आधीपासून येत असावे असा आग्रहही धरीत नाही. विचार नीट करणारा माणूस पाहतात आणि भाषा मागाहून शिकवितात.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे शिक्षकाला शोभणार नाही. ज्या एरिक्सनमध्ये एर्लांग जन्मली, तिच्याच एका विभागाने १९९८ मध्ये नव्या उत्पादनांसाठी ती वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षअखेर भाषा सर्वांना खुली करण्यात आली आणि तिच्या निर्मात्यांपैकी कित्येकांनी कंपनी सोडली. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस ह्यांनी १९९५ मध्ये लिस्पमध्ये व्हायावेब उभारले. १९९८ मध्ये याहूने ते घेतले आणि काही वर्षांनी दुसऱ्या, प्रचारातल्या भाषांत नव्याने लिहून काढले. म्हणजे आडवळणाच्या भाषेचा आश्रयदाता उद्या बदलला, तर भाषेत दोष नसतानाही आपले पान वाढलेले राहील ह्याची शाश्वती नाही.

पुन्हा आमच्या विद्यार्थिनीकडे येतो. जावाच्या बळावर २०१९ मध्ये तिला पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच बोनसमधून तिने लॅपटॉप घेतला आणि रात्री जागून हॅस्केल पुरे केले. २०२२ मध्ये बंगळूरच्या एका कंपनीने तिला त्या भाषेच्या कामासाठी बोलाविले. पगार जवळजवळ दुप्पट. तेव्हा तिचे वडील सल्ल्यासाठी आमच्या घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, “मास्तर, आमच्या पेठेत जकार्ड दुरुस्त करणारे दोघेच. त्यांना गिऱ्हाईक लांबून येते, मागतील ते दाम मिळते. पण माग बंद पडू लागले की पहिला उपास त्यांच्याच घरी. पोरीचे तसे नाही ना होणार?” सगळ्या चर्चेत इतका नेमका प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही. आम्ही म्हणालो, “जाऊ द्या तिला.” त्यांच्या प्रश्नाला मात्र आम्ही उत्तर दिले नाही.

२०२४ मध्ये त्या कंपनीच्या नव्या चालकांनी सारे काम प्रचारातल्या भाषेत न्यावयाचे ठरविले आणि तो विभाग बंद झाला. मुलगी पाच महिने घरी बसली. तिच्या पगारातून मागांच्या कर्जाचा हप्ता जात होता. त्या पाच महिन्यांत एक माग विकावा लागला. चार ठिकाणी मुलाखतीत ती नापास झाली, कारण दोन वर्षांत जावाचा हात राहिला नव्हता. पाचव्या ठिकाणी, पुण्यात, तिला विचारले, “लाखो व्यवहार एकाच वेळी आले तर हिशेब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काय कराल?” तिने कीर्दीचीच रीत सांगितली : खोडायचे नाही, नवी नोंद करायची. २०१४ पासून जावानेही फंक्शनल पद्धतीच्या पुष्कळ सोयी आपल्यात घेतल्या आहेत, त्या वापरून तिने तिथल्या तिथे लिहूनही दाखविले. नोकरी मिळाली, पगार बंगळूरपेक्षा कमी, पण घर पुन्हा उभे आहे. रमजान ईदला ती शिरखुर्म्यासाठी आमच्या घरी आली तेव्हा आम्ही विचारले, “हॅस्केलच्या मागे लागल्याचा पस्तावा होतो का?” ती म्हणाली, “नाही, सर. पहिली नोकरी जावाने दिली, दुसरी हॅस्केलने, आणि ही तिसरी दोघींनी मिळून.”

आपणां बेळगावकरांना ह्यात नवल वाटू नये. आमच्या घरी दखनी बोलतात, शाळेत आम्ही मराठीतून भूमिती शिकवितो, कचेरीतला कागद कानडीत येतो आणि मुलांचे वरचे शिक्षण इंग्रजीत होते. बाजाराची भाषा टाळून इथे एक दिवस निभत नाही. पण तेवढ्यासाठी घरची भाषा कोणी टाकून देत नाही. दोन भाषा येणाऱ्याला एकच गोष्ट दोन बाजूंनी दिसते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. संगणकाच्या भाषांनाही तोच न्याय लागू आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, प्रचारातली एक भाषा आधी चार पैसे मिळविण्याइतकी पक्की करा, आणि पुढे कितीही दूर गेलात तरी तिचा सराव सोडू नका. तिच्या जोडीला एक निराळ्या वळणाची भाषा शिका. ती विचाराला वळण लावील. अशा भाषेची नोकरी चालून आली तर मालकाला निर्भयपणे विचारा : ही भाषा इथे किती जणांना येते? ती कोणी निवडली, आणि तो माणूस अजून इथे आहे का? कंपनीचे उत्पन्न ह्या कामावर चालते, की हा केवळ प्रयोग आहे? आणि घर तुमच्या पगारावर असेल तर सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवून मगच पाऊल टाका. जकार्डवाल्याचा प्रश्न विसरू नका.

विश्वस्तांना आमची विनंती दोन गोष्टींची आहे. ग्रंथालयात पुस्तके जशी घरी नेण्यास मिळतात, तसे चार-पाच लॅपटॉप ठेवावेत. कोणत्या भाषेसाठी हवा, हे विचारू नये. दुसरे, समितीने ‘नोकऱ्या किती’ हा प्रश्न अवश्य विचारावा, पण त्याआधी ‘तू काय करून आणले आहेस’ हे विचारावे आणि ते पाहावे. त्या मुलीची ती वही आम्ही पुढे मागून घेतली. एका साडीला कोणत्या रंगाचे किती सूत लागेल, ह्याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम तिने वडिलांसाठी लिहिला होता. अर्जासोबत ती वही आमच्या टेबलावर अर्धा तास पडून होती.

२०१८ चे इतिवृत्त कपाटात आहे. ती ओळ खोडावी असे आमच्या मनात एकदा आले होते. पण खोडणे आपल्या वहीच्या रिवाजात बसत नाही. म्हणून आजचे हे भाषण तिची उलट नोंद समजावे, आणि चालकांनी ते स्मरणिकेत छापून त्या पानाशी जोडून ठेवावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.