ओझे आणि कमान



वसंत व्याख्यानमालेत आपण संत ऐकलेत, इतिहास ऐकलात; आज लोखंडाची कमान ऐकावी, ही विनंती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, शाळेपेक्षा वर्कशॉपातच अधिक शिकलो.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली कमानीचा नियम मांडला : जेवढा जोर, तेवढा ताण. ५० किलोला कमान १ सेंटिमीटर दबली, तर १०० किलोला २ दबेल. ही सरळ हिशेबाची कमान. दुसरी चढत्या हिशेबाची. तिला पहिल्या सेंटिमीटरला ५० किलो पुरतात, दुसऱ्याला आणखी ७५ लागतात, तिसऱ्याला आणखी १००. हे घडते कसे? तिचे काही वेढे जवळजवळ असतात, काही दूरदूर. भार वाढला की जवळचे वेढे एकमेकांना टेकतात आणि कामातून बाद होतात. आणि कामावरचे वेढे जितके कमी, तितकी कमान ताठ.

जुन्या स्पोर्ट्स मोटारी जपणाऱ्या शौकिनांत या दोहोंवरून वाद चालतो. आमचा कौल तिथे सरळ कमानीला. त्या गाडीत माणसे दोन, भार फारसा बदलत नाही. वळणावर गाडी किती कलते, यावरून चालक चाकांची पकड ओळखतो. चढती कमान ऐन वळणात ताठ होते आणि अंदाज चुकू शकतो. शिवाय साधा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर एका ठरावीक ताठपणाशी जुळवलेला असतो. तो मेळही बिघडतो.

ट्रकचा न्याय निराळा. जाताना रिकामा, येताना मोसंबीने भरलेला. मऊ पाटे घातले तर भरल्यावर आपटतात; ताठ घातले तर रिकामा ट्रक उडतो. म्हणून मुख्य पाट्यांवर जादा पाटे बसवतात. एरवी ते मोकळे असतात. ओझे वाढले की खांदा देतात. चढत्या हिशेबाचीच ही युक्ती.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. तीर्थपुरीला साखर कारखाना आहे. उसाच्या बैलगाडीला रबरी चाके आली, पण पाटे सहसा नसतात. मग खड्ड्याचा दणका जातो कुठे? बैलाच्या मानेत आणि गाडीवानाच्या मणक्यात. ट्रॅक्टरच्या मागच्या आसालाही बहुधा कमान नसते. चालकाला सांभाळते ती खुर्चीखालची. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे सर्वांत अधिक बाधतात. अशा हादऱ्यांत वर्षानुवर्षे बसणाऱ्याची कंबर जाते, आणि कंबर गेली की रोजगार गेला.

मित्रहो, कमान नाही म्हणून दणका नाहीसा होत नाही; तो कोणाच्या तरी हाडांत जिरतो. म्हणून चालकांच्या मागणीपत्रात पगाराच्या खालोखाल एक कलम असावे : धड कमानीची, चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारी खुर्ची. मोटारीसाठी शौकीन जेवढा विचार करतात, तेवढा माणसासाठी मागणे काही अधिक नव्हे.