हिरव्या वाटणाचा हिशेब

(डोंबिवलीतील महिला मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पावसाळ्यातल्या ताज्या भाज्या आणि मसाल्यांवर बोलायचं ठरलं, तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, "आपल्या व्यासपीठावर पाककृती कशाला?" मी म्हटलं, सांगते, पण हिशेबासकट सांगते. ताटातला हिशेब आपण नाही मांडला तर कोण मांडणार?

तीन पदार्थ घेऊ. आधी अळूवडी. काळ्या देठाची पानं उलटी ठेवून शिरा लाटण्याने चेपायच्या. बेसनात चिंच-गुळाचा कोळ, तिखट, हळद, धने-जिऱ्याची पूड, तीळ घालून ते पानांना लावायचं, गुंडाळ्या उकडायच्या, कापून तळायच्या. चिंच चवीसाठी, असं आपण समजतो. पण ती घशासाठीही आहे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. नीट शिजवलं, आंबट घातलं की खाज कमी होते. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हा हे कुणी शोधलं? चुलीपुढे बसलेल्या बायकांनीच ना?

आता मुख्य पदार्थ, शेवळं. मी देशावरची. लग्न होऊन इकडे आले तोवर शेवळं हा शब्दही ऐकला नव्हता. पहिल्या जूनमध्ये कल्याण स्टेशनाबाहेर एका मावशीच्या टोपलीत जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या दिसल्या. मावशी मुरबाडकडच्या, ठाकर समाजातल्या. म्हणाल्या, "काकडं पण घे, नायतर घसा धरंल." काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची छोटी, हिरवी, आंबट फळं. मला वाटलं, बाई माल खपवतेय. मी घासाघीस करून जुड्या घेतल्या, काकडं नाही घेतली. त्या दिवशी घरी पाहुणे होते. पहिल्या घासानंतर एकेक जण घसा खाकरायला लागला. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषच घातलंय!

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने भांडायला गेले. मावशी पोटभर हसल्या आणि मला शेजारी बसवून घेऊन त्यांनी शिकवलं. हाताला तेल लाव. वरची पानं सोलून काढ. आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून दे. उरलेलं बारीक चिरून तेलावर परत. काकडं ठेचून पाण्यात उकळ, पिळून गाळून घे आणि त्या रसात शेवळं शिजव. पुढचं वाटण मी सासूबाईंकडून शिकले: भाजलेला कांदा-खोबरं, आलं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर. कोलंबी नाहीतर वालाचं बिरडं घालायचं. तेव्हापासून आमच्याकडे घसा कुणाचा धरला नाही.

तोंडी लावायला टाकळा. पहिल्या पावसात उगवलेली कोवळी पानं, कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली मूगडाळ, वर ओलं खोबरं. झालं जेवण.

आता हिशेब. शेवळं म्हटलं की आपण म्हणतो, सीकेप्यांची खासियत, पाठारे प्रभूंची खासियत. त्यांच्या स्वयंपाकघरांनी ती चव जपली, हे खरंच आहे. पण कोणता कोंब कधी खणायचा, कोणत्या फळाने त्याची खाज मारायची, हे ज्ञान जंगलात जाणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांकडेही आहे. त्यांचं नाव कोणत्या पाककृतीवर आहे? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून ही बाई पहाटेआधी निघते, रानात हिंडते, जुड्या बांधते, एसटीने नाहीतर कसारा लोकलने येते. मला तिने विद्या फुकट दिली. मी मात्र तिच्याशी पैशापैशासाठी घासाघीस केली होती.

दुसरी बाई आपण. लोकलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या. घरी जाऊन सोलणं, चिरणं, वाटणं, फोडणी. हे काम कुठल्या वहीत लिहिलं जातं? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात. जे पुरुष घरकाम करतात, ते ९७ मिनिटं. आणि कित्येक पुरुष तर करतच नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा मुद्दा हाच होता: पोळ्या लाटणं हे काम आहे, त्याला भांडवल हवं, दाम हवा.

आता जागेचा प्रश्न. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं मेली. त्यानंतर स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. गर्दीत चालायला वाट हवी, हे आपल्यालाही हवंच आहे. पण वर्षातले जेमतेम काही आठवडे एक टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने मग जायचं कुठे? तिचं गिऱ्हाईक म्हणजे गाडीतून उतरून घराकडे धावणारी तुम्ही-आम्ही. पथकाची गाडी आली की ती टोपली उचलून पळते. एकदा माझ्यादेखत काकडं रस्त्यावर सांडली आणि लोकांच्या पायाखाली गेली. त्या दिवशी मी नुसती उभी राहिले, हे मला आजही खुपतं.

२००६ चा वनहक्क कायदा वनहक्कधारक आदिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात प्रत्येक शहरासाठी नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यातल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एकतृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलं आहे. आपल्या शहरात त्या जागांवर कोण आहे? हंगामी रानभाजीवाल्यांना बसायला जागा कुठे आखली आहे? हे विचारायला आपण किती जणी गेलो?

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटाने आपापल्या स्टेशनाबाहेरच्या रानभाजीवाल्यांशी बोलावं, त्या किती आहेत, कुठून येतात, कुठे बसायला सोयीचं पडेल, ते लिहून काढावं आणि त्यांना बरोबर घेऊन पालिकेत जावं. जुडीचा भाव त्या सांगतील तो द्यावा. आणि घरी शेवळं आणली की सोलायला नवऱ्याला आणि मुलग्यांना बसवावं. हाताला तेल लावायला मात्र आठवणीने सांगा!