छोट्या कंपन्यांच्या तबकड्या

संग्रहाचा छंद माणसाला फार जुन्या काळापासून आहे. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी पोथ्या. या साऱ्यांत ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकाची गोष्ट थोडी निराळी आहे. नाणे तळहातावर घेतले की त्याचे मोल डोळ्यांना कळते. ध्वनिमुद्रिका मात्र मुकी असते. ती फिरवून सुई टेकविल्यावाचून आत कोण बोलते आहे, हे समजत नाही. आणि दर वेळी सुई टेकविली की ती थोडी झिजते. ज्या वस्तूचा उपभोग घेणे म्हणजेच तिचा थोडा क्षय करणे, अशी वस्तू सांभाळण्याचे व्रत या मंडळींनी घेतलेले असते.

त्यातही काहींचे लक्ष नामवंत गायकांपेक्षा छोट्या कंपन्यांकडे असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उदयास आलेल्या आणि पाच-दहा किंवा वीस वर्षांत मावळलेल्या कंपन्यांच्या तबकड्या ते शोधीत असतात. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटतो. परंतु या हट्टामागे एक इतिहास आहे.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने त्या मुक्कामात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मुद्रणे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या परत येत. गाणे संपल्यावर गायिका मोठ्याने स्वतःचे नाव सांगत असे. परक्या मुलखातील कारागिरांना कोणाची तबकडी कोणती हे ओळखता यावे, म्हणून ही युक्ती उपयोगी पडे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदह येथे या कंपनीचा कारखाना निघाला आणि तबकड्या या देशातच छापल्या जाऊ लागल्या.

एका बड्या कंपनीचा बाजारावर असा ताबा बसला, तरी तिच्या सावलीत लहान रोपे उगवत राहिली. निकोल, बेका, ओडियन अशा विलायती व जर्मन कंपन्या आल्या आणि गेल्या. कलकत्त्यास हेमेंद्रमोहन बोस यांनी शतकाच्या पहिल्याच दशकात स्वदेशी ध्वनिमुद्रणाचा प्रयोग केला. १९३० नंतर तर या प्रयत्नांना बहर आला. कलकत्त्यास मेगाफोन निघाली, हिंदुस्थान रेकॉर्ड निघाली. पुढे साऱ्या देशाच्या ओठांवर ज्यांचे नाव खेळले, त्या कुंदनलाल सैगल यांचा आवाज प्रथम तबकडीवर आणला तो या हिंदुस्थान कंपनीने. बड्या कंपनीपाशी मातबर कलावंत करारांनी बांधलेले. म्हणून छोट्या कंपनीला नवख्या गळ्यावर विश्वास टाकणे भाग पडे. तिची गरज आणि नवोदिताची उमेद यांची अशी गाठ पडली.

मुंबईत ही गाठ ज्या कंपनीने घट्ट बांधली, तिचे नाव नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. तिच्या तबकड्यांवर नाव असे ‘यंग इंडिया’. याच नावाचे साप्ताहिक गांधीजी चालवीत असत, हे त्या काळच्या ग्राहकाला वेगळे सांगावे लागत नसे. कंपनी १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५५ च्या सुमारास बंद पडली. इतर अनेक छोट्या कंपन्या आपल्या तबकड्या बड्या कंपनीकडूनच छापून घेत. हिचा मात्र वडाळ्यास स्वतःचा कारखाना होता. वीस वर्षांत हजारो गाणी तिने बाजारात आणली. तिच्याकडे मुख्यतः हौशी आणि होतकरू कलावंत गायले. त्यांतल्या कित्येकांची पुढे कोणी आठवणही ठेवली नाही.

येथेच संग्राहकाच्या हट्टाचे मर्म आहे. थोर गवयाचे गाणे सहसा नाहीसे होत नाही. त्याच्या हजारो प्रती घरोघर गेलेल्या असतात आणि ज्या धातूच्या साच्यांवरून त्या छापल्या, ते साचे मोठी कंपनी जपून ठेवते. काळ बदलला की त्याच साच्यांवरून नवी आवृत्ती निघते. छोटी कंपनी बुडाली म्हणजे तिचे साचे, वह्या, याद्या यांना वाली उरत नाही. मग त्या गाण्याचे जे काही उरते, ते कोणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या एखाद्या प्रतीत. ती प्रत फुटली की तो आवाज जगातून गेला. शंभर प्रती उरलेल्या तबकडीची निगा राखणे हा छंद आहे. एकच प्रत उरलेल्या तबकडीची निगा राखणे हे कर्तव्य होय.

ही कहाणी केवळ आपल्या देशाची नाही. इंग्लंडात १९७६–७७ च्या सुमारास पंक नावाचे एक दांडगे, खडबडीत संगीत उसळून आले. बड्या कंपन्यांच्या दारात ताटकळत बसण्याऐवजी अनेक तरुणांनी स्वतःच तबकड्या काढल्या. मँचेस्टरच्या बझकॉक्स या चमूने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्या नावाने जानेवारी १९७७ मध्ये पहिली तबकडी काढली. प्रथम छापल्या त्या अवघ्या हजार प्रती. आज त्या प्रतींसाठी संग्राहक तळमळतात. वडाळ्याचे भावगीत आणि मँचेस्टरचा तो कल्लोळ यांत सुराचे नाते नाही. पण ज्याला कोणी विचारीत नाही त्याने आपला आवाज आपणच छापावा, ही जिद्द दोन्हीकडे एकच आहे.

संग्राहकाचे काम कष्टाचे असते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तो धुळीचे ढीग उपसतो. गायकाचे नाव पुसट झालेले असले, तर लेबलाच्या कडेला, चरे संपतात त्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक तो भिंगाने वाचतो. त्यावरून मुद्रणाचा क्रम लावता येतो. तबकडी लाखेची असल्याने ती स्पिरिटने पुसणे म्हणजे तिचा घात करणे होय, कारण स्पिरिटात लाख विरघळते. तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्या लागतात. त्यांच्यासाठी सुईही पुढच्या काळातील लाँगप्ले तबकडीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची लागते. एवढे सारे तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यासाठी!

तथापि संग्रहाला एक शापही आहे. दुर्मिळतेची गोडी लागली की संग्राहकाला वाटू लागते, ही वस्तू आपल्याकडेच असावी. मग तबकडी माळ्यावरून कपाटात येते खरी, पण मुकी ती मुकीच राहते. या मोहावर सहकार्याने मात करता येते. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक मायकेल किनियर यांचा तिच्या स्थापनेत वाटा होता आणि सुरेश चांदवणकर यांनी चिटणीस या नात्याने तिचे काम वर्षानुवर्षे वाहिले. संस्थेने नियतकालिक चालविले, तबकड्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि श्रवणाच्या बैठका भरविल्या. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या, धोक्यात आलेले दस्तऐवज वाचविण्याच्या योजनेतून ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांचे संगणकीय जतन झाले. जे आवाज एकेका घरात कोंडलेले होते, ते असे मोकळे झाले.

कायद्याचीही या कामी अडचण थोडी आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९५५ मध्ये बंद पडलेल्या कंपनीच्या मुद्रणांवरील हक्काची मुदत केव्हाच सरली. गीत व चाल यांचे हक्क मात्र निराळे असतात, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

एका तबकडीचे भाग्य किती नाजूक धाग्यावर लोंबकळत असते, याचे उदाहरण केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचे संगीत अंतराळात धाडावयाचे ठरले, तेव्हा जाणकारांनी हे साडेतीन मिनिटांचे गाणे सुचविले; पण ते बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखाली सारलेल्या धुळकट खोक्यात त्याच्या तीन प्रती सापडल्या. ते खोके कोणी रद्दीत घातले असते, तर आज ताऱ्यांच्या वाटेवर ती भैरवी नसती. केसरबाई तर कीर्तिवंत होत्या; मग ज्यांचे नावच विसरले गेले, त्यांच्यासाठी कोण शोध करणार?

मराठी माणूस पोटापाण्यासाठी दूरदूर गेला. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे तो पूर्वीच स्थिरावला होता. पुढे जयपूरच्या मानसरोवरासारख्या नव्या वसाहतींतही त्याने बिऱ्हाडे थाटली. बिऱ्हाडाबरोबर भांडीकुंडी गेली, देव गेले, आणि क्वचित आजोबांच्या फोनोची पेटीही गेली. घर बदलताना ती पेटी अडगळ वाटते आणि भंगारवाला दारातच उभा असतो. तिचा सौदा करण्यापूर्वी घटकाभर थांबून प्रत्येक तबकडीचे लेबल वाचावे, नाव व क्रमांक कागदावर टिपावे आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला किंवा संस्थेला कळवावे. त्या ढिगात कोणा अनामिक मुलीने भीतभीत गायिलेले, तिच्या आयुष्यातील एकुलते एक गाणे असू शकेल. आणि त्याची जगातील अखेरची प्रत कदाचित तीच असेल.