बुरुजांच्या किनाऱ्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील बोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात घरटी एक तरी माणूस बोटीवर असे. अब्बा सुट्टीवर आले की आम्हा मुलांना बंदरांची नावं सांगत. एडन, पोर्ट सैद, नापोली. आपण नेपल्स म्हणतो ते त्यांना खपत नसे. "तिथली माणसं नापोली म्हणतात, आपणही नापोलीच म्हणायचं," असं ते बजावत. पाळी संपवून ते डेकवर येत, तेव्हा नापोली सोडून दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या डाव्या हाताला एक डोंगराळ किनारा लागे. "तिथं दिवेच नाहीत रे," ते म्हणत, "आपल्या कोकणासारखं."

त्या किनाऱ्याचं नाव चिलेन्तो, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. माझा भाचा बोटीवर इंजिनीअर आहे. २०२३ च्या जूनमध्ये त्याची बोट दुरुस्तीसाठी नापोलीला अडकली आणि त्याचा फोन आला, "मामू, या. तुमचा तो बिनदिव्यांचा किनारा बघून घेऊ." बीए झाल्यावर मी आयुष्यभर कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता. परदेश म्हणून तो पहिलाच.

सालेर्नो शहराच्या पश्चिमेला अमाल्फीचा किनारा आहे. जगभरचे श्रीमंत प्रवासी तिथे उतरतात. सालेर्नोच्या दक्षिणेला, आग्रोपोलीपासून सापरीपर्यंत, चिलेन्तो. नापोलीहून साधी पॅसेंजर गाडी पकडायची. ती पेस्तुमला थांबते, आग्रोपोलीला थांबते, मग बोगद्यांतून आत-बाहेर करत समुद्राकाठानं जाते. आपल्या कोकण रेल्वेची आठवण येतेच. बस मात्र दिवसातून मोजक्या, आणि रविवारी तर देवाचं नाव घ्यायचं. ऑगस्टमध्ये अर्धं नापोली इथे उतरतं, त्यामुळे जायचं तर जूनमध्ये नाहीतर सप्टेंबरात.

पेस्तुमला ग्रीकांची तीन देवळं उभी आहेत, अडीच हजार वर्षांची. त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मला खिळवून ठेवलं ते तिथल्या संग्रहालयातल्या एका दगडानं. १९६८ मध्ये जवळच एक थडगं सापडलं. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं, एक चित्र आहे. एक उघडा तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतो आहे. पाय फळीवरून सुटलेले, हात पाण्याला लागलेले नाहीत. बाजूला दोन झाडं, बाकी सगळी मोकळी जागा. हे चित्र इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातलं. मी त्यापुढे अर्धा तास बसलो. भाचा दोनदा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला.

पेस्तुमच्या आसपासची सगळी जमीन म्हशींची. हो, म्हशीच. काळ्याभोर, चिखलात बसलेल्या, आपल्याकडे बघणाऱ्या. त्यांच्या दुधाचं मोझ्झारेल्ला नावाचं चीज करतात, ते त्याच दिवशी खायचं असतं. आणि त्या गोठ्यांत धारा काढायला कोण, तर पंजाबातली मुलं. पागोटी बांधलेली, सायकलवरून जाणारी. शेतांत, प्लास्टिकच्या मांडवांखाली भाजी काढायला मोरोक्कोची माणसं. आग्रोपोलीच्या बस थांब्यावर अशाच एकानं माझी दाढी आणि टोपी बघून "सलाम अलैकुम" म्हटलं. मी उत्तर दिलं. पुढे दोघांनाही बोलता येईना. त्याला मराठी-उर्दू नाही, मला अरबी-इटालियन नाही. तो थोडा सरकला आणि त्यानं मला सावलीत जागा दिली.

आता त्या आग्रोपोलीबद्दल. उंच कड्यावर जुनं गाव, खाली बंदर. इसवीसन ८८२ मध्ये सरसेनांनी हे गाव घेतलं आणि ९१५ पर्यंत ठेवलं. सरसेन हा युरोपचा शब्द. अर्थ, मुसलमान. इथे तळ ठोकून ते आजूबाजूची गावं लुटत. त्याआधीच पेस्तुमचे लोक दलदलीला आणि हिवतापाला विटले होते. त्यात ही धाड आली आणि ते डोंगरावर निघून गेले. पुढे सोळाव्या शतकात तुर्कांची आणि उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांची गलबतं येऊ लागली. माणसं पकडून न्यायची आणि गुलाम म्हणून विकायची. तेव्हा नापोलीच्या स्पॅनिश व्हाइसरॉयनं किनाराभर बुरूज बांधायचा हुकूम काढला. एका बुरुजावरून दुसरा दिसला पाहिजे. गलबत दिसलं की दिवसा धूर, रात्री जाळ. त्या जाळाचा निरोप मैलोगणती पोचे आणि माणसं गुरंढोरं घेऊन डोंगरात पळत.

ते बुरूज अजून आहेत. चौकोनी, गोल, पडके, काही तर लोकांनी राहती घरं केलेली. प्रत्येक वळणावर एक उभा. पहिल्या दिवशी मी मुलासारखा मोजत होतो. चौथ्याला थांबलो. हे सगळे माझ्यासारख्या नावाच्या माणसांसाठी बांधलेले आहेत, हे तोवर पोटात उतरलं होतं.

आम्ही अच्चारोलीला एका बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. सत्तरीच्या असतील. भाच्यानं मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगून ठेवलेलं, डुक्कर नको, दारू नको. बाईंनी मान हलवली आणि रोज मासे वाढले. एका दुपारी त्यांची सगळी नातवंडं एकदम घरात घुसली. बाई हसत ओरडल्या, "माम्मा, ली तुर्की!" दक्षिण इटलीत कुठलीही धांदल उडाली की असं म्हणतात. अर्थ, आई गं, तुर्क आले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि चेहरा लाल झाला.

मी भाच्याला म्हटलं, त्यांना सांग, माझी दादी मला झोपवताना म्हणायची, गप नीज, नाहीतर फिरंगी येईल. १५०८ च्या अखेरीला पोर्तुगीजांच्या आरमारानं आमचं दाभोळ जाळलं, बायकापोरांची कत्तल केली. दादीला साल माहीत नव्हतं, फिरंगी माहीत होता. भाच्यानं त्याला जमेल तसं ते सांगितलं. बाईंनी विचारलं, "फिरंगी म्हणजे कोण?" भाचा म्हणाला, "तुम्ही." त्या एवढ्या हसल्या की टेबलाला धरून बसल्या.

हसून ते संपत नाही, हेही खरं. पकडून नेलेल्यांतले किती परत आले असतील? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पण त्याच समुद्रावरून दुसरंही काही आलं. बाईंनी एकदा तळलेल्या वांग्याचे थर लावून टोमॅटोत शिजवलेली भाजी केली. वांग्याला तिकडे मेलान्झाना म्हणतात. हा शब्द अरबी बादिंजानवरून आला, बादिंजान फारसीतून आणि फारसीत तो गेला आपल्याकडून. आपलं वांगं त्याच कुळातलं. त्यांचं आरांचा म्हणजे अरबांचं नारंज, म्हणजे आपलं नारिंग. झुक्केरो म्हणजे सुक्कर, म्हणजे शर्करा. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून कॉन्स्टंटाइन नावाचा एक माणूस या सालेर्नोत आला. पुढे मठात राहून त्यानं अरबीतले वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. सालेर्नोच्या वैद्यकशाळेत पुढे कितीएक वर्षं ते शिकवले गेले. बुरुजांवरून ही गलबतं कुणी पाहिली नाहीत. ती आलेली कळलीच नाहीत, म्हणा ना.

अच्चारोलीच्या शेजारी प्योप्पी नावाचं इवलंसं गाव आहे. अन्सेल कीज हा अमेरिकन शास्त्रज्ञ इथे घर करून अनेक वर्षं राहिला. लोक काय खातात आणि हृदयविकार का होतो, याचा शोध घेणारा माणूस. भूमध्य आहाराचा जगभर गवगवा झाला त्यात त्याचा वाटा मोठा. तो २००४ मध्ये शंभर वर्षांचा होऊन वारला. २०१० मध्ये युनेस्कोनं त्या आहाराला वारसा म्हणून मान्यता दिली. आहार म्हणजे काय तर भाजी, कडधान्य, भाकरी, ऑलिव्हचं तेल, थोडी मासळी. गरिबाचं जेवण. इथल्या कित्येक घरांतली माणसं त्या गरिबीला कंटाळून अमेरिकेला गेली. हा किनारा न बिघडता राहिला असं आपण पाहुणे कौतुकानं म्हणतो. त्यात निघून गेलेल्यांचा हिशेब कुणी धरत नाही. आमच्या कोकणातलीही कुलुपं लागलेली घरं फोटोत फार सुंदर दिसतात.

आणि तो आपोआप राहिलेला नाही. अच्चारोली आणि प्योप्पी ज्या पोल्लिका नगरपालिकेत येतात, तिचे महापौर आंजेलो वास्साल्लो हे मूळचे मच्छीमार. मच्छीमार महापौर हेच त्यांचं नाव पडलेलं. समुद्राचं पाणी स्वच्छ ठेवायचं आणि बेकायदा बांधकाम होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. रस्त्यावर सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्यालाही दंड. ५ सप्टेंबर २०१० च्या रात्री घरी परतताना त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथेच ते गेले. काही अटका झाल्या त्या चौदा वर्षांनी, २०२४ मध्ये. मी गेलो तेव्हा त्याही झाल्या नव्हत्या. बाईंना त्यांच्याबद्दल विचारलं, तर त्यांनी आधी खिडकी लावली. मग म्हणाल्या, "आमच्या बुरुजांची तोंडं समुद्राकडे आहेत." पुढे काही बोलल्या नाहीत. भाच्यानं मला त्याचं भाषांतर दोनदा करून सांगितलं.

संध्याकाळी बंदरावर गेलो. पाणी असं की तळाचा दोर दिसावा. पोरं धक्क्यावरून सूर मारत होती. एकेकाचे पाय सुटत आणि हात पाण्याला लागायच्या आत मला पेस्तुमचा तो दगड दिसे.

निघायच्या आदल्या दिवशी पिशोत्ताला गेलो, तिथल्या मासळीची कीर्ती ऐकून. वसंतापासून जुलैपर्यंत तिथले थोडे कोळी रात्री मेनाइका नावाचं जुन्या पद्धतीचं जाळं टाकून आन्चोव्ही पकडतात. लहान मासे जाळ्याच्या डोळ्यांतून निसटतात, मोठेच अडकतात. ते होडीतच साफ करायचे आणि मग मातीच्या बरण्यांत मीठ आणि मासे असे थर लावून ठेवायचे. आपल्या मांदेलीची ही चुलत भावंडं. निघताना बाईंनी त्याचीच एक काचेची बरणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. वर दोरी, दोरीला गाठी सात.

घरी बहिणीनं बरणी उघडली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "साता समुद्रापलीकडून खारं आणलंस?" म्हणाली. मग चार मासे धुऊन तिनं आंबोशीच्या सारात टाकले.