दोघांनी मिळून वाचायचं पुस्तक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात मी बोलावं असं ठरलं तेव्हा सचिव मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले. ज्येष्ठांच्या ठेवींवर बोला." मी म्हटलं, ठेवीवरच बोलतो, फक्त ठेव जरा वेगळी आहे. माझा विषय आहे लहान मुलांच्या गमतीदार, चित्रांच्या कविता. हे ऐकून दोघे-तिघे हसले. या वयात बडबडगीतं? होय, या वयातच. का, ते सांगतो.

विनोदाकडे आपण जरा संशयाने पाहतो. समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला. विनोद ही टवाळांची आवड, अशा अर्थाचं त्यांचं वचन आपण पोरांना गप्प बसवायला वापरतो. पण त्याच दासबोधात दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला मूर्खांची लक्षणं आहेत आणि शेवटी पढतमूर्खाची. ती मोठ्याने वाचून बघा. निम्म्या लक्षणांत शेजारी दिसतो आणि उरलेल्या निम्म्यात आपण स्वतः. हसू आल्याशिवाय राहत नाही. तिकडे पैठणला नाथांनी भारुडं रचली, त्यांना आजोबा आणि नातू एकाच घोंगडीवर बसून हसायचे. ज्ञानदेवांच्या नावावर तर काट्याच्या टोकावर गावं वसवणारी रचना आहे. आणि आपल्या जालन्यात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, तेव्हा वर्षभर गंभीर चेहऱ्याने दुकानात बसणारी माणसं रंगाने माखून रस्त्यावर येतातच की! उलट्यापालट्या गोष्टींची हौस आपल्या मातीत जुनी आहे. ती फक्त लेकरांची कधीच नव्हती.

आता पुस्तकांकडे येतो. मराठीत या बाबतीत पहिलं नाव घ्यायचं ते विंदा करंदीकरांचं. 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' ही त्यांची पुस्तकं १९६१ सालची, 'एटू लोकांचा देश' १९६३ चं. पुढे 'परी ग परी', 'अजबखाना', 'पिशीमावशी आणि तिची दुनिया', 'अडम् तडम्' अशी रांगच लागली. हा माणूस कोण? इंग्रजीचा प्राध्यापक, अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणारा, २००३ सालचं ज्ञानपीठ मिळवणारा, खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतरचा तिसरा मराठी लेखक. एवढ्या मोठ्या कवीने बालकविता फावल्या वेळात, जाता जाता लिहून टाकली नाही. तीस वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा तिच्याकडे तो वळत राहिला. मंगेश पाडगावकरांचंही तसंच. ज्यांना 'सलाम' या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यांनीच मुलांसाठी भरभरून लिहिलं. म्हणजे हे काम मोठ्या कवींना हलकं वाटलं नाही. हलकं वाटतं ते आपल्याला.

विंदांनी १९७४ साली शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणला. योगायोग असा, की गमतीच्या कवितांच्या जगातही एक लिअर राजा आहे. त्याचं नाव एडवर्ड लिअर. शेक्सपिअरचा लिअर म्हातारपणी मुलींनी घराबाहेर काढलेला; हा दुसरा लिअर म्हणजे आईबापांच्या एकवीस अपत्यांपैकी विसावा. त्याला फेफऱ्याचा आजार होता आणि तो जन्मभर एकटा राहिला. पोट भरायला पक्ष्यांची चित्रं काढायचा. एका जमीनदाराच्या वाड्यावर तिथल्या पशुपक्ष्यांची चित्रं काढायला गेला आणि तिथल्या मुलांसाठी वेड्यावाकड्या कविता व तशीच चित्रं काढू लागला. त्यांचं पुस्तक १८४६ साली निघालं. १८७३ ते १८७५ या काळात तो हिंदुस्थानात फिरूनही गेला. त्याच्या कवितेत एखाद्याच्या दाढीत पक्षी घरटी करतात. लेकरं दाढीला हसतात. मोठ्यांना मात्र तो दाढीवाला आणि त्याच्याकडे टकमक बघणारे शेजारी ओळखीचे वाटतात.

दुसरं नाव बंगालचं. सत्यजित राय सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचे वडील सुकुमार राय. घरचा छापखाना, 'संदेश' नावाचं मुलांचं मासिक, स्वतः विलायतेला जाऊन छपाईचं तंत्र शिकून आलेले. बदक आणि साळिंदर जोडून त्यांनी एक प्राणी केला, कविताही त्यांची आणि चित्रही त्यांचंच. त्यांना काळा आजार झाला. त्या काळी त्यातून माणूस सहसा वाचत नसे. अंथरुणावर पडून त्यांनी 'आबोल ताबोल' या आपल्या पुस्तकाची तयारी पुरी केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले. वय पस्तीस, मुलगा सत्यजित सव्वादोन वर्षांचा. पुस्तक बाहेर आलं त्यानंतर नऊ दिवसांनी. शंभर वर्षं उलटली तरी बंगाली घरांत ते पाठ आहे. मरण उशाशी बसलेलं असताना माणूस शेवटचं काम म्हणून हसण्याचं पुस्तक पुरं करतो, त्या पुस्तकाला 'पोरकट' कसं म्हणायचं?

आता या कविता टिकतात कशामुळे? मी आयुष्यभर हिशोब तपासले, म्हणून हाही तपासून बघितला. पहिली गोष्ट, या वेडेपणाला शिस्त असते. बऱ्याच बालकविता आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांवर चालतात. एक मात्रा कमी-जास्त झाली तर कॅशबुक टॅली न झाल्यासारखं कानाला लगेच कळतं. दुसरी गोष्ट यमकाची. यमक दोन अशा माणसांची गाठ घालून देतं, ज्यांची एरवी ओळखसुद्धा झाली नसती. उदाहरणादाखल आपल्या सोसायटीवर मीच चार ओळी केल्या आहेत. सचिवांनी मोठ्या मनाने घ्याव्यात.

गच्चीवरची भरली टाकी,
पोहत होता हत्ती खाकी,
सचिव म्हणाले, "उतरा खाली,
पाणीपट्टी आहे बाकी!"

हत्ती खाकी का? तर टाकीला यमक हवं म्हणून! कवीला यमकाने ओढत नेलं, आणि हत्ती गच्चीवर चढला. पण एकदा चढल्यावर पुढचं सगळं नियमाने झालं. पाणी वापरलं तर पट्टी भरली पाहिजे, मग तो हत्ती का असेना. आपल्या जालन्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे जरा जास्तच पटेल. लेकरू हसतं ते हत्तीला. आपण हसतो ते पावतीपुस्तकाला.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. चांगला चित्रकार कवितेत आहे तेवढंच काढत नाही. वरच्या चार ओळींचं चित्र काढताना तो सचिवांच्या डोक्यावर छत्री देईल, त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजवेल, आणि कोपऱ्यात एक मांजर हत्तीकडे न बघता मिशा पुसत बसलेलं दाखवेल. मांजराचा कवितेत उल्लेखच नाही. ज्याला अक्षरं येत नाहीत त्यालाच ते पहिल्यांदा दिसतं, कारण आपली नजर अक्षरांत अडकलेली असते. आपल्याकडे बहुधा कवी एक आणि चित्रकार दुसरा असतो. तेव्हा पुस्तक उघडलं की चित्रकाराचं नावही मुलांना वाचून दाखवत जा, ही माझी विनंती.

म्हणजे बघा, या पुस्तकाला दोन वाचक लागतात. एकजण अक्षरं वाचणारा, दुसरा चित्रं वाचणारा. एकट्याने वाचलं तर अर्धंच हाती लागतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच.

वयाप्रमाणे हसण्याची जागा कशी बदलते, तेही सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गावात चित्रांचं पुस्तक दिसायचं नाही. शाळेच्या पुस्तकातल्या काळ्या रेघांच्या चित्रावरच आमची हौस भागायची. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केलं, पण तोवर मी मोठा झालो होतो. विंदांची पुस्तकं मी पस्तिशीत वाचली, मुलीसाठी विकत आणली तेव्हा. दिवसभर बँकेत क्लोजिंगचं काम करून घरी यायचं आणि रात्री एटू लोकांच्या देशात जायचं. मुलगी हसायची, कारण तिथे सगळं उलटं होतं. मला हसू यायचं, कारण त्यातलं बरंचसं मी त्याच दिवशी ऑफिसात बघून आलेलो असायचो.

पिशीमावशीचं तर आणखी वेगळं. तिचं घर मसणवटीकडे आणि तिची संगत भुतांची. पाच वर्षांचं मूल ती कविता ऐकताना आधी घाबरतं, पांघरुणात शिरतं, मग हसत बाहेर येतं. भीती संपत नाही, पण ती आटोक्यात येते. आता सत्तरी ओलांडल्यावर मला त्या घराचा पत्ता जरा जवळचा वाटायला लागला आहे. आपल्या पंगतीतली किती माणसं या पंचवीस वर्षांत उठून गेली, ते तुम्हाला माहीत आहे. त्या पत्त्याकडे बघून हसता आलं, आणि तेही नातवंडाला शेजारी घेऊन, तर रात्री झोप बरी लागते. हे मी डॉक्टरी सल्ला म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतो.

माझी नात परदेशात असते. ती सहा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं. जेवलीस का, अभ्यास झाला का, आजीला दे. दोन मिनिटांत दोघांचंही संपायचं. एका रविवारी मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरलं आणि वाचायला लागलो. दोन-तीन रविवारांनी एक प्रयोग केला. एका ओळीत मुद्दाम चुकीचा प्राणी घातला. ती ओरडली, "आजोबा, असं नाहीये!" आणि खरी ओळ तिने स्वतः म्हणून दाखवली, अख्खी, मराठीत. कॉर्नेय चुकोव्स्की नावाचे एक रशियन बालकवी होते. त्यांनी लहान मुलांच्या भाषेचा फार बारकाईने अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं, की कुत्रा भुंकतो हे ज्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, त्यालाच म्याँव करणाऱ्या कुत्र्याचं हसू येतं. उलटं कळण्यासाठी सुलटं माहीत लागतं. माझ्या नातीचं मराठी कुठेतरी आत जागेवर होतं. त्याला बाहेर काढायला आजोबांना चुकताना पकडण्याची संधी हवी होती. आता ती दर रविवारी मी कुठे चुकतो याची वाट बघत बसते, आणि मीही चुका आठवडाभर आधी ठरवून ठेवतो.

मंडळी, हे माझ्या एकट्याचं नाही. आपण राहायला आलो तेव्हा खालच्या पटांगणात क्रिकेटच्या चेंडूने काचा फुटायच्या. ती पोरं आता पुण्याला, हैदराबादला, त्याहून लांब आहेत. कितीतरी घरांत दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही उरला आहे. काही घरांत तर एकच माणूस. दुसऱ्या बाजूला नोकरीनिमित्त नवे भाडेकरू आले आहेत. त्यांची लेकरं इंग्रजी शाळेत जातात, मराठी वाचताना अडखळतात आणि त्यांचे आजी-आजोबा गावाकडे आहेत. जिन्यात आपण एकमेकांना "काय, बरं आहे ना" म्हणतो आणि दार लावून घेतो. चित्रं वाचणारे खाली आहेत, अक्षरं वाचणारे वर आहेत, आणि मध्ये पुस्तक नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. सभागृहातलं जुनं लोखंडी कपाट रिकामंच आहे. त्यात अशा पुस्तकांचा एक कप्पा करावा. सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही. पहिली पंचवीस पुस्तकं रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून मी देतो. 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम तरुण मंडळींनी घ्यावं. वर्गणी नाही, उशिराचा दंड नाही. नियम मात्र एक आहे आणि तो कडक आहे. कोणत्याही मुलाला एकट्याला पुस्तक मिळणार नाही, त्याने सोबत एक ज्येष्ठ माणूस आणला पाहिजे. आणि कोणत्याही ज्येष्ठालाही एकट्याला मिळणार नाही, त्याने सोबत एक मूल आणलं पाहिजे. ज्याचं नातवंड इथे नाही त्याने शेजारचं उसनं घ्यावं. ज्याचे आजोबा इथे नाहीत त्याने वरच्या मजल्यावरचे मागून घ्यावेत. आमच्या बँकेत एक प्रकारचं जोडखातं असायचं, ज्यात दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार व्हायचा नाही. तसंच हे.

बालमित्रांनो, शेवटचं तुम्हाला. आमच्यातले काहीजण जिने उतरून खाली येऊ शकत नाहीत. आपल्या सोसायटीला लिफ्ट नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पुस्तक घेऊन तुम्हीच वर या. बेल वाजवा. दार उघडायला जरा वेळ लागेल, थांबा. चष्मा शोधायला आणखी थोडा लागेल. तोवर चित्रं बघून ठेवा, म्हणजे आमच्या नजरेतून काय सुटलं ते तुम्हाला सांगता येईल.